२८९ पुरे

हिट रेटिंगचं कौतुक करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात बॉस, म्हणजे मोठा शत्रू, मेला, नवी अंगठी पडली, की जो तो आधी स्पेल पॉवर, म्हणजे मंत्रांची ताकद, बघतो, मग क्रिट, मग हेस्ट. साहजिकच आहे. क्रिट बसला की पडद्यावर टपोरा आकडा उसळतो, हेस्ट वाढला की मंत्र भराभर सुटतात. हिट वाढल्याचं मात्र डोळ्यांना काहीच दिसत नाही. अधूनमधून येणारं ‘मिस’ येईनासं होतं, एवढंच. आणि येईनाशा झालेल्या गोष्टीकडे लक्ष कोण देतं?

तरीही रेडला, म्हणजे अनेकांनी मिळून करायच्या मोहिमेला, जाणाऱ्याने गिअर, म्हणजे अंगावरचं सामान, निवडायला बसावं ते इथूनच, असं माझं ठाम मत आहे. मी बोलतोय ते ‘रॅथ ऑफ द लिच किंग’बद्दल. हा भाग मूळ २००८ च्या नोव्हेंबरात आला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ‘क्लासिक’ म्हणून पुन्हा सुरू झाला. त्यात आपली लेव्हल जास्तीत जास्त ८०, आणि रेडचा बॉस ८३ चा धरला जातो. या तीन लेव्हलच्या फरकापायी तलवारीचा ठेवणीतला वार शंभरातून ८ वेळा हुकतो आणि मंत्र १७ वेळा. दोन हातांत दोन शस्त्रं धरणाऱ्यांचे साधे वार तर २७ टक्के हवेत जातात. ही खोट भरून काढतो तो हिट. एका टक्क्यासाठी तलवारवाल्याला ३२.७९ रेटिंग लागतं, मंत्रवाल्याला २६.२३. हिशोब केला तर पहिल्याला २६३ आणि दुसऱ्याला ४४६. तिथवर पोचलात की पुढचा प्रत्येक पॉइंट पाण्यात. हीच ती कॅप.

मी उद्यमबागेत सीएनसी मशीनवर असतो, त्यामुळे कॅप ही गोष्ट मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीत २० मिलिमीटरचा बोअर एच७ मध्ये काढायचा असेल तर शून्य ते २१ मायक्रॉनची मुभा असते. बोअर त्या पट्ट्यात आला की पास. त्याहून नेमका काढत बसलात म्हणून पार्टी दोन पैसे जास्त देत नाही, मशीनचा वेळ तेवढा जातो. पट्ट्याबाहेर गेला की मात्र तुकडा भंगारात. हिटचं इतकं कडक नसतं. दहा पॉइंट कमी पडले तर दहा पॉइंटांचंच नुकसान होतं. टँकच्या, म्हणजे पुढे उभं राहून बॉसचा मार खाणाऱ्याच्या, ५४० डिफेन्सला हे माप जास्त चपखल बसतं. त्याच्याकडे येतोच.

पण बोअरचं माप ड्रॉइंगवर ठरलेलं असतं, शेजारच्या मशीनवर कोण उभा आहे त्यावर ते बदलत नाही. रेडमध्ये बदलतं, आणि मला या खेळाचं वेड लागलं ते ह्याच कारणाने. माझा मेज, म्हणजे जादूगार, आर्केन शाखेचा. त्याला टॅलेंटमधूनच, म्हणजे निवडलेल्या कौशल्यांतूनच, ३ टक्के मिळतात, म्हणजे ४४६ चे झाले ३६८. रेडमध्ये शॅडो प्रीस्ट या प्रकारचा मंत्रवाला असला की त्याच्या ‘मिझरी’ या टॅलेंटमुळे त्या बॉसवर सगळ्यांचेच मंत्र आणखी ३ टक्के कमी हुकतात, मग पुरतात २८९. माझ्याच पाचांच्या गटात ड्रेनाय जातीचा कुणी उभा असेल तर आणखी एक टक्का सुटतो आणि आकडा २६३ वर येतो. माझ्या अंगावरच्या कपड्यांचं माप असं दुसऱ्यांच्या हजेरीवर ठरतं. माझं कायमचं माप होतं २८९, कारण आमचा शॅडो प्रीस्ट म्हणजे निपाणीचा माझा मावसभाऊ, आणि तो सहसा चुकत नाही. ड्रेनाय शामन होता तो पोलंडचा एक पोरगा. त्याच्या हजेरीवर मी कधी विसंबलो नाही.

मार्गशीर्ष पौर्णिमेला मावशीकडचं सगळं घर सौंदत्तीला, यल्लम्माच्या डोंगरावर जातं. भाऊही जातो. त्या आठवड्यात मला ७९ हिट कमी पडायचा. एखादा मूनकिन ड्रुइड हाताशी असला तर त्याच्या ‘फेअरी फायर’ने तेच ३ टक्के भरून निघायचे, नसला तर स्वतःचं स्वतः बघावं लागायचं. रत्नं बदलून भागवता येतं, पण जुनं रत्न काढलं की ते फुटतं, आणि दर पौर्णिमेला नवी रत्नं विकत घेण्याइतका मी श्रीमंत नाही, खेळातही. म्हणून बॅगेत एक जादा कमरपट्टा आणि एक जादा झगा ठेवलेला असायचा. दोन्ही हिटने भरलेले, दिसायला अगदी सामान्य. नवीन पोरं विचारायची, हे जुनाट कशाला बाळगतोस? त्यांना मी सांगायचो, यल्लम्मासाठी.

आमची मंडळी चार. मी बेळगावात, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटापाशी. भाऊ निपाणीत मेडिकल दुकान सांभाळतो. त्याची थोरली बहीण चिकोडीला दिलेली; ती होली पॅलाडिन, म्हणजे हीलर, बाकीच्यांना बरं करणारी. आणि उचगावचा माझा शाळासोबती, भात आणि रताळी पिकवणारा, आमचा टँक. बाकीची गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणारी टोळी, युरोपातली. भारतात या खेळाचा सर्व्हर नाही, म्हणून आम्ही युरोपच्या सर्व्हरवर. त्यांच्या संध्याकाळी साडेसातला रेड सुरू होते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे अकरा वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात आणि आमचे बारा वाजतात, दोन्ही अर्थांनी. तीनला रेड संपते, सातला पहिली पाळी. आई एकदा पाणी प्यायला उठली आणि दारात उभी राहून म्हणाली, ‘कुणाला मारालास रे एवढ्या रात्रीचं?’ मी म्हटलं, लिच किंगला. ‘मार मार,’ म्हणाली आणि झोपायला गेली.

सर्व्हर इतका लांब म्हटल्यावर पिंग, म्हणजे संदेश तिकडे जाऊन परत यायचा वेळ, दीडशे-दोनशे मिलिसेकंद. हे आकडे कुठल्याही गिअरच्या तक्त्यात नसतात, पण गिअर निवडताना मी ते धरतो. ज्या ट्रिंकेटचा, म्हणजे ताइतासारख्या वस्तूचा, परिणाम ठरावीक क्षणी बटण दाबून साधावा लागतो, त्यापेक्षा आपोआप लागणारं, म्हणजे प्रॉकवालं मला परवडतं. जुलैत आमच्याकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही, वायर कुठे तुटेल सांगता येत नाही. राउटर इन्व्हर्टरवर घेतलाय. तो माझ्या हिशोबाने एक एन्चांटच, म्हणजे सामानावर चढवलेला जादा मंत्र.

आता टँक. बॉसचा साधा फटका टँकवर ५.६ टक्के वेळा क्रिट बसू शकतो, आणि बॉसचा क्रिट म्हणजे दुप्पट मार. एवढा मार एका दमात बसला तर हीलर कितीही हुशार असो, टँक जमिनीवर. डिफेन्सचा एक पॉइंट ही शक्यता ०.०४ टक्क्याने कमी करतो. लेव्हल ८० ला ४०० डिफेन्स जन्मजात असतो. आणखी १४० मिळवले की ५४०, आणि बॉसचा क्रिट बंद. रेटिंगमध्ये मोजलं तर ६८९. ५३९ म्हणजे बहुतेक वेळा काही होणार नाही आणि एके रात्री होईल. अस्वल झालेल्या ड्रुइडला हे सगळं टॅलेंटमधून फुकट मिळतं, यावरून आमच्या मित्राने त्या जमातीला दिलेल्या शिव्या इथे लिहिता येणार नाहीत.

५४० झाल्यावर पुढे काय, यावर आमचे बरेच वाद झाले. डॉज आणि पॅरी, म्हणजे फटका चुकवणं आणि शस्त्राने अडवणं, वाढवले तर कित्येक फटके पूर्ण चुकतात, आणि कागदावर एकूण मार कमी दिसतो. स्टॅमिना, म्हणजे अंगातलं रक्त, आणि आर्मर, म्हणजे चिलखत, वाढवला तर प्रत्येक फटका बसतोच, पण टँक एक-दोन फटके जास्त तग धरतो. युरोपातले आमचे हिशोबी पहिल्या पक्षाचे. उचगावकर दुसऱ्या. तो म्हणायचा, ‘मला हुकवाय नको, मार खाऊन उभं ऱ्हायला पायजे. चार फटके हुकवले आणि पाचवा-सहावा लागोपाठ बसला तर चिकोडीच्या ताईंनी काय करायचं?’ ताईंचं म्हणणंही तेच. सारखा येणारा मार ती घड्याळ लावल्यासारखा भरून काढते; कधी शून्य, कधी डोंगर, असं असलं की तिच्या हातातला मोठा मंत्र नेमका चुकीच्या वेळी सुटतो. आइसक्राउन सिटाडेलमध्ये तर खेळ बनवणाऱ्यांनीच निकाल लावला: त्या अख्ख्या गडात टँकचा डॉज २० टक्क्यांनी कमी केला. तिथला फेस्टरगट तीन वेळा विषारी धूर आत ओढतो, दर वेळी त्याचे फटके जड होत जातात, आणि तिसऱ्या वेळेनंतर टँककडे रक्त किती हा एकच प्रश्न उरतो. त्या रात्री उचगावचा सगळ्या भोकांत निळी स्टॅमिनाची रत्नं बसवून आला होता. युरोपवाल्यांपैकी कुणी काही बोललं नाही.

हीलरचा संसार निराळा. स्पिरिट नावाचा एक स्टॅट, म्हणजे आकड्यात मोजलेला गुण, आहे; मॅना, म्हणजे मंत्रांचं इंधन, परत भरणारा. पण मॅना खर्चून मंत्र टाकला की पुढचे पाच सेकंद तो बहुतांशी गप्प राहतो. प्रीस्टला त्यातून वाट काढणारे टॅलेंट असतात. पॅलाडिनला नसतात. म्हणून आमच्या ताईला स्पिरिट म्हणजे झाडाच्या पाल्याइतकाच उपयोगी. तिचा सगळा जीव इंटलेक्टवर: त्याने मॅनाची टाकी मोठी होते, क्रिट वाढतो, आणि पॅलाडिनचा बरं करणारा मंत्र क्रिट गेला की खर्चातला काही भाग परत मिळतो. योग्य आकडे असतील तर ती प्लेटचं जड चिलखत सोडून कापडी झगासुद्धा घालायची. मी मेज, झगा माझा हक्काचा, आणि ती माझ्याशी त्याच्यासाठी भांडायची. ‘दादा, तुला काय रे, तू लांब उभारून आकडे काढतोस. इकडं माणूस मरालाय.’ ह्याला उत्तर नसतं. झगा तिला जायचा.

भावाला तोच स्पिरिट सोन्यासारखा, कारण शॅडो प्रीस्टच्या स्पिरिटचा काही भाग स्पेल पॉवरमध्ये धरला जातो. सख्खी भावंडं, एकच स्टॅट, आणि दोघांचे दर इतके वेगळे. त्यामुळे त्या दोघांत लुटीवरून कधी वाजलं नाही. हे पुढे आठवणार आहे.

सगळे स्टॅट हिटसारखे भरून थांबणारे नसतात. आर्मर पेनिट्रेशन उलट्या चालीचा. बॉसच्या चिलखतातला काही हिस्सा तो जमेतच धरत नाही, आणि चिलखताचं गणित असं आहे की राहिलेलं जितकं कमी, तितका पुढचा पॉइंट जास्त कामाचा. थोडासा घेतला तर हाती काही लागत नाही. घ्यायचा तर पार १४०० पर्यंत, तिथे तो पूर्ण १०० टक्के होतो. मध्ये एक आडवाट आहे: ‘नीडल-एनक्रस्टेड स्कॉर्पियन’ हे ट्रिंकेट प्रॉक झालं की एकदम ६७८ देतं, म्हणून ते अंगावर असलेल्याने ७२२ वर थांबायचं. पुढे गेला तर प्रॉकच्या वेळी उरलेलं वाया. आणि गंमत अशी की हे ट्रिंकेट रेडमध्ये पडतच नाही, पाच जणांच्या डंजनमध्ये, म्हणजे छोट्या मोहिमेत, पडतं. जगातला सगळ्यात भारी लिच किंग मारायला निघालेली माणसं त्या किरकोळ जागी पुन्हा पुन्हा खेटे घालताना बघून मला बरं वाटायचं.

कागदावरच्या एका आकड्यात माणूस तोलायची खोड इथेही आहेच. गिअरस्कोअर नावाचं अॅडऑन, म्हणजे खेळाला जोडायचा छोटा प्रोग्राम, रॅथच्या काळात फार बोकाळलं. अंगावरच्या प्रत्येक वस्तूची आयटम लेव्हल, म्हणजे दर्जाचा आकडा, बघायची, त्यातून एकच आकडा काढायचा, आणि अनोळखी लोकांची रेड जमवणारा ओरडणार: पाच हजारांच्या वरचेच या. त्या आकड्याला हिट दिसत नाही, ५४० दिसत नाही. माणसामाणसांच्या लढाईसाठी बनवलेलं रेझिलियन्सचं गिअर घालून एखादा मेज आला तर त्याचा स्कोअर झकास, आणि बॉसला मारताना त्या रेझिलियन्सचा उपयोग शून्य. मग क्लासिकच्या वेळी पार्सचा बोलबाला झाला: लढाईची नोंद वेबसाइटवर चढवायची आणि तुमच्यासारख्याच इतरांशी तुलना करून शंभरातले गुण घ्यायचे. हे गिअरस्कोअरपेक्षा बरं, कारण निदान काय केलं ते दिसतं. पण मिझरी टाकणाऱ्याचं श्रेय मिझरीचा फायदा घेणाऱ्याच्या आकड्यात जमा होतं. माझे चांगले गुण निपाणीच्या मेडिकल दुकानदाराने मिळवून दिलेले आहेत, हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नसतं.

लूट वाटायच्या पद्धती अनेक. शंभरातला फासा टाका. डीकेपी ठेवा, जी एव्हरक्वेस्टच्या जमान्यापासून चालत आलेली हजेरी-वही. नाहीतर चार जुन्याजाणत्यांचं मंडळ बसवा. आमच्या गिल्डमध्ये मंडळ होतं आणि मला ते पटायचं, कारण फासा टाकणाऱ्याला कॅप कळत नाही. डेथब्रिंगर सॉरफँगकडून ‘डेथब्रिंगर्स विल’ पडलं की हंटर, रोग, वॉरियर, डेथ नाइट, सगळ्यांचे डोळे विस्फारतात. अशा वेळी पहिला प्रश्न हवा, हे घातल्यावर तुझं उतरणार काय? नवं घेताना अंगावरच्या हिटचे चाळीस पॉइंट निघून जात असतील तर ती बढती नाही. मंडळात हे विचारणारी एक डॅनिश बाई होती. तिच्याइतकी रुक्ष आणि न्याय्य व्यक्ती मी दुसरी पाहिली नाही. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाला खजिनदार म्हणून ती मिळाली असती तर वर्गणीवरची निम्मी भांडणं मिटली असती.

मुख्य खेळातून हिट २०१४ च्या ऑक्टोबरात काढून टाकला. त्याबरोबर एक्सपर्टीझ, म्हणजे बॉसला आपला वार चुकवू न देणारा स्टॅट, तोही गेला. (त्याच वर्षी नोव्हेंबरच्या १ तारखेला आमच्या शहराच्या सरकारी पाट्या बदलल्या, तो विषय वेगळा आणि लांब.) आता तिकडे कुणाचा मंत्र किंवा ठेवणीतला वार बॉसवर हुकत नाही, आणि बहुतेक वेळा जास्त आयटम लेव्हलची वस्तू तीच चांगली वस्तू. खेळ सोपा झाला हे खरं, आणि नव्या माणसाला दोन तास वही-पेन्सिल घेऊन बसावं लागत नाही हेही बरंच. मला मात्र ती वही आवडायची.

क्लासिकवाल्यांनाही काळ पुढे घेऊन गेलाच. २० मे २०२४ ला रॅथनंतरचा भाग, ‘कॅटॅक्लिझम’, सुरू झाला. मे महिन्याचा शेवट म्हणजे आमच्या पश्चिम भागात धूळवाफेच्या भातपेरणीचे दिवस, उचगावचा शेतात. तिकडून त्याने फोनवर विचारलं, नवीन काय? मी सांगितलं, डिफेन्स हा स्टॅटच काढला, क्रिट न बसण्याची सोय टॅलेंटमध्येच दिली. तो थोडा वेळ गप्प राहिला. ‘मंग ५४० चं काय?’ काही नाही, म्हटलं. ‘एवढं जमवलं ते?’ पेरणी झाल्यावर बघतो म्हणाला, आणि भाताची लावणी-भांगलण होईपर्यंत त्याने महिन्याची वर्गणी भरली नाही.

माझीही वही कोरी झाली. मिझरी गेली, टॅलेंटमधला हिट गेला. तिथे प्रत्येक मंत्रवाल्याने आपले १७ टक्के आपणच आणायचे. लेव्हल ८५ ला त्याचे व्हायचे १७४२. मदतीला रिफोर्जिंग आलं: वस्तूवरच्या एका दुय्यम स्टॅटचे ४० टक्के काढून तिच्यावर नसलेल्या दुसऱ्यात घालता येतात. कॅल्क्युलेटरला सांगितलं की तो १७४२ बरोबर जुळवून द्यायचा. भाऊ सौंदत्तीला जावो नाहीतर घरी बसो, माझा आकडा हलायचा नाही. बॅगेतला कमरपट्टा मी विकून टाकला.

पण बनवणाऱ्यांनी एक दार बंद करताना दुसरं उघडं ठेवलं. शॅडो प्रीस्टचा स्पिरिट तिथे हिट म्हणून धरला जायचा, म्हणजे भावाला तो हवाच. आणि नव्या गणितात पॅलाडिन हीलरलाही मॅनासाठी स्पिरिटच लागायचा. पहिल्याच महिन्यात स्पिरिटची अंगठी पडली आणि निपाणी आणि चिकोडी, दोघांनी एकदम हात वर केला. डॅनिश बाईंनी दोघांचे आकडे मागवले. भावाला हिट अजून बराच कमी पडत होता, ताईचा मॅना शेवटच्या मिनिटाला संपत होता. बाईंनी विचार करायला वेळ मागितला आणि तेवढ्यात आमच्या मराठी चॅनेलवर सुरू झालं.

‘तायडे, मिस जालाय माझा. बॉस मरणार कसा?’

‘तू आधी मर, मग कळंल मॅना नसला की काय होतंय. भाऊबीजेला ये तर खरं, ओवाळणीत अंगठीच घेते की न्हाई बघ.’

अंगठी ताईला मिळाली. भावाने पुढच्या रेडला सगळ्या वस्तू रिफोर्ज करून हिट जुळवला, हेस्ट घालवला, आणि दोन आठवडे तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला.